गिरडच्या टेकडीवरून

गिरड, शुक्रवार

ती. आईस,

अण्णांच्या तापात आजी बोललेला नवस आज इथल्या शेख फरीदबाबांच्या दर्ग्यात फेडला. पायऱ्यांवर माझ्यापुढे ठसठशीत कुंकू लावलेली एक बाई तान्हं घेऊन चढत होती, मागे टोपी घातलेले दोन म्हातारे. डोकं झाकून सगळे एकाच दारातून आत गेलो.

बाबा तीस वर्षं फकिरीत हिंडून १२४४च्या सुमारास इथं येऊन राहिले, असं सांगतात. टेकडीवर सुपारी-खोबऱ्यासारखे गोटे सापडतात. बेसाल्टच्या पोकळ्यांत झिओलाइट साचून ते होतात. आजीची गोष्ट मात्र तुला पाठ आहे: दोन व्यापाऱ्यांनी बाबांची टर उडवली आणि त्यांचा माल दगड झाला. पुढचं तिनं कधी सांगितलं नाही. त्यांनी माफी मागितली, तेव्हा बाबांनी वाळक्या पानांचा नवा माल करून दिला. मग ते दोघं इथंच राहिले, त्यांच्या म्हणून दोन कबरीही आहेत. मला ती वाळकी पानंच जास्त भावली.

दर्ग्यात ज्याचं त्याचं मागणं. जुम्म्याची नमाज मात्र एकट्याची होत नाही, तिला जमात लागते. अजान झाली तसे ते म्हातारे लगबगीनं उतरले. रांगेत खांद्याला खांदा लावून उभं राहायचं, आधी येईल तो पुढे. आपल्या गावच्या पंगतीत असं कधी पाहिलं का गं?

सेवाग्राम, शनिवार

आई, इथं बापूंच्या आश्रमातली प्रार्थना उघड्यावरच होते. ना भिंत, ना छप्पर. शेजारी १९३६ साली त्यांनी लावलेला पिंपळ. सुरुवात जपानी बौद्ध मंत्रानं. आश्रमात राहिलेल्या एका जपानी भिक्षूची ती आठवण. कुराणातल्या आयती प्रार्थनेत आल्या त्या बापूंच्या सहकारी रेहाना तय्यबजींमुळे. त्या कृष्णाची भजनंही तितक्याच जिव्हाळ्यानं गात. अरबी शब्द मला येत नव्हते. शेजारच्या आजीबाईंना तोंडपाठ होते, वऱ्हाडी हेलात. मी त्यांच्या ओठांकडे पाहत म्हणत राहिले.

गिरडच्या रेवड्या वेगळ्या बांधून ठेवल्यात. प्रसादाला तिथं तबर्रुक म्हणतात. पहिली अण्णांना द्यायची, तोवर पुडी सोडणार नाही.

तुझी,
सुमी