वायरींचा ताळेबंद

बँकेत वीस-बावीस वर्षे कारकुनी केल्यावर माणसाला एक गोष्ट पक्की कळते. नवी नोंद करायला दहाजण धावत येतात, जुनी नोंद काढायला कोणी फिरकत नाही. हा रोग फक्त आमच्या लेजरांना जडतो, अशी माझी समजूत होती. पण राहूला तात्यांच्या बुलेटची टाकी उतरवली आणि पाहतो तो काय, खाली सस्पेन्स अकाउंट पसरलेले!

तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. बुलेट १९७२ सालची. मद्रासला १९५५ साली एनफील्ड इंडिया कंपनी निघाली. पुढे इंग्लंडातला मूळ कारखाना बंद पडला, तरी इकडची शाखा चालूच राहिली. (हेड ऑफिस बुडाले तरी शाखा फायद्यात, हा प्रकार कुठल्याही बँकेत पाहायला मिळणार नाही.)

ही गाडी तात्यांच्या नातवाने मनावर घेतली. पोरगा पुण्यात इंजिनिअरिंगला. त्याने मागचा मडगार्ड अर्धा केला, हँडल रुंद केले, सगळ्या सांगाड्याला काळा पावडर कोट मारला आणि जाहीर केले, "काका, ही आता कस्टम व्हिंटेज आहे." मी त्याला २०२१ सालचे केंद्राचे नियम सांगितले. गाडी पन्नास वर्षांपेक्षा जुनी हवी, मूळ रूपात हवी, नंबरात 'व्हीए' ही अक्षरे येणार आणि रोजच्या वापराला ती काढता येणार नाही. एवढे ऐकून तात्या म्हणाले, "मग उसाला पाणी द्यायला काय सरकार येनार हाय का?" व्हिंटेजचा विषय तिथेच संपला.

आणि तात्यांचे खरेच होते. राहू म्हणजे मुळा-मुठा आणि भीमेच्या मधला टापू. आम्ही त्याला बेट म्हणतो. ऊस, गुऱ्हाळे आणि उसात दडलेले बिबटे. शेतीची वीज बरेचदा रात्रीची. रात्री एक वाजता मोटार चालू करायला निघावे, तर हंगामात रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर. मागे दिवा नाही, ऊस दोन्ही बाजूंना बाहेर आलेला. अशा वेळी बुलेटचा हेडलाइट देवघरातल्या समईइतका जळत असेल, तर माणूस थेट उसात, नाहीतर ट्रॉलीत. तात्यांचे वय चौऱ्याहत्तर. काकू रोज रात्री ओट्यावर बसून बुलेटचा आवाज परत येण्याची वाट पाहतात. तेव्हा ठरले, वायरिंग सोपे करायचे.

यवतहून मिस्त्री आले. टेस्ट लॅम्प त्यांच्या हाती, कागद-पेन्सिल माझ्या. मी बी. कॉम., त्यामुळे रकाने आधी पाडले. वायर कुठून निघते, कुठे जाते, कशासाठी, कोणी टाकली. मोजून सदतीस वायरी निघाल्या. त्यातल्या सहा कुठूनच निघत नव्हत्या आणि कुठेच जात नव्हत्या. तरी त्यांना व्यवस्थित चिकटपट्टी गुंडाळलेली! आमच्या हेड ऑफिसात अशी काही माणसे मला माहीत आहेत.

पहिली तक्रार अशी, की इंडिकेटर लावला की मागचा दिवा लुकलुकतो. नातू म्हणाला, "काका, भूत आहे." मिस्त्री म्हणाले, "भूत न्हाय, अर्थ न्हाय." त्याचे असे, की बॅटरीतून निघालेला करंट दिव्यातून जाऊन सांगाड्यामार्फत परत यावा लागतो. इथे पावडर कोटने सांगाडाच झाकला, परतीची वाट बंद. मग तो बिचारा दुसऱ्या दिव्याच्या घरातून वाट काढतो. डेबिट आहे पण क्रेडिट नाही, म्हणून कारकुनाने रक्कम भलत्याच्याच खात्यावर टाकावी, तसे. मिस्त्रींनी चार ठिकाणी रंग खरवडून उघडे लोखंड काढले, बॅटरीपासून सांगाड्याला आणि इंजिनाला स्वतंत्र वायर दिली. भूत उतरले.

मग व्होल्ट. गाडी ६ व्होल्टची. ३५ वॅटच्या बल्बला ६ व्होल्टवर सहाएक अँपिअर लागतात, १२ व्होल्टवर तीन. शिवाय वाटेतल्या गंजक्या जोडाने एक व्होल्ट दलाली खाल्ली, तर सहातला एक गेलेला डोळ्यांना दिसतो, बारातला एक तितका बोचत नाही. मिस्त्रींनी रेक्टिफायर-रेग्युलेटर, बॅटरी, कॉइल, हॉर्न आणि बल्ब बदलून गाडी १२ वर आणली. नातू हेडलाइटवरचा अँपिअर मीटरही काढायला निघाला होता. मी मध्ये पडलो. काटा अधिककडे गेला तर भरणा, उणेकडे गेला तर उचल. हे तर गाडीचे पासबुक! शिवाय काटा मध्यावर आला की मगच तात्या किक मारतात. फक्त त्याच्या मागचे ढिले नट आवळले.

खरी अडचण शेवटी आली. हँडलला घरातल्या भिंतीवरचा जुना काळा खटका बांधलेला. त्याची वायर बॅटरीतून थेट हेडलाइटला, मध्ये फ्यूज नाही, आणि टाकीखाली घासून तांबे उघडे पडलेले. मिस्त्री म्हणाले, "ही पयली काढा. एक ठिनगी, आन् वर पेट्रोल."

तात्या उठून उभे राहिले. "त्या वायरला हात लावायचा न्हाय."

१९८९ सालच्या पावसाळ्यात माझ्या वडिलांना साप चावला. रात्र, मुसळधार पाऊस आणि बुलेटचा लाइटचा स्विच जळालेला. तात्यांनी मोटारीच्या पेटीतून वायर ओढली, बॅटरीतून थेट बल्बला जोडली आणि भावाला पाठीशी बांधून यवत गाठले. वडील वाचले. दुसऱ्या दिवशी तात्यांनी त्या वायरीवर हा खटका बसवला. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. मला एवढेच आठवते, की दोघे भाऊ परत आले तेव्हा चहा पीत कुणीच काही बोलले नाही.

मी कागदाकडे पाहिले. 'कशासाठी' हा रकाना मीच पाडला होता.

मिस्त्री थोडा वेळ बिडी ओढत बसले. मग म्हणाले, "रिले टाकू." रिले म्हणजे काय, ते मला लगेच समजले. साहेब फक्त सही करतो, रोकड खिडकीतून जाते. खटक्यातून इवलासा करंट जाणार, तो रिलेला हुकूम देणार, आणि हेडलाइटचा सगळा भार नव्या जाड वायरीतून, फ्यूजमधून जाणार. वायर नवी, खटका तोच. तात्यांनी तीन वेळा खालीवर करून पाहिला, मग मान डोलावली.

सदतीसच्या चौदा वायरी राहिल्या. तो कागद मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून सीटखाली ठेवायला निघालो, पुढे कोणाला काही काढायचे झाले तर ते कोणी आणि कशासाठी टाकले हे कळावे म्हणून. तात्यांनी विचारले, "खटक्याफुडं काय लिव्हलंस?"

"तात्यांनी टाकला, १९८९, असं लिहिलंय."

"कशासाठी, त्ये?"

"भावासाठी."

"मंग बरुबर हाय," तात्या म्हणाले, आणि खटका दाबून पाण्याला निघाले.