वातायन

खिडकीला संस्कृतांत ‘वातायन’ असें नांव आहे. वात म्हणजे वारा, अयन म्हणजे मार्ग. वाऱ्याच्या येण्याजाण्याची वाट तें वातायन, असा विग्रह आम्ही ३५ वर्षें वर्गांत सांगत आलों. परंतु जिला हें नांव मुळींच शोभूं नये अशी खिडकी आम्हांस पाहावयास मिळाली ती इंग्लंडांत, लेस्टर शहरीं, आमच्या मुलीच्या घरीं.

हें घर एकास एक लागून असलेल्या लाल विटांच्या घरांच्या रांगेंतलें, व्हिक्टोरिया राणीच्या अमदानींतलें. भिंती ९ इंच जाडीच्या, भरीव विटांच्या. पूर्वीं खोलोखोलीं भिंतींत कोळशाची शेगडी असे. तिच्या धुराबरोबर खोलींतली दमट हवा धुराड्यावाटें निघून जाई आणि फटींतून ताजी हवा आंत येई. पुढें धुराडीं बुजविलीं, फटी लिंपल्या, खिडक्यांना दुहेरी कांचा बसल्या. घर उबदार झालें, पण त्याचा श्वास कोंडला. स्वयंपाकाची वाफ, न्हाणीची वाफ, खोलींत वाळणारे कपडे, सारी ओल आंतच राही. सकाळीं कांचांवरून पाण्याचे ओघळ वाहत, नातवाच्या पलंगामागें काळी बुरशी धरे आणि पोर रात्रभर खोके.

ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. २०२० सालीं रॉचडेल येथें अवाब इशाक हें दोन वर्षांचें मूल दगावलें, तें घरांतील बुरशीमुळें, असा निर्णय २०२२ सालच्या चौकशींत झाला. त्याच्या नांवाचा कायदाहि तेथें झाला आहे.

मुलीनें घराची दुरुस्ती काढली, तेव्हां जांवई हवा खेळविणाऱ्या यंत्रांचा विचार करूं लागले. आम्हीं म्हटलें, “खिडकी उघडा म्हणजे झालें! पण बाहेर सदा पाऊस. ती ओली हवा आंत घेऊन भिंती सुकणार कशा?”

जांवई शांतपणें म्हणाले, “अण्णा, ५ अंशांची हवा कितीहि ओली असली तरी घनमीटरास जेमतेम ७ ग्रॅम बाष्प धरते. घरांत येऊन ती २० अंशांपर्यंत तापली कीं १७ ग्रॅम धरूं शकते. म्हणजे बाहेरची ओली हवा आंत कोरडीच ठरते. आणि खिडकी उघडी ठेवायची म्हणाल, तर परवां रात्रीं ती उठून कोणीं लावली?”

लावली होती आम्हींच. आम्ही निरुत्तर झालों.

दोन पर्याय होते. एका यंत्रांत बाहेर जाणारी उबदार हवा आपली उष्णता आंत येणाऱ्या थंड हवेस देऊन जाते. युक्ति सुंदर; पण त्यासाठीं खोलोखोलीं नळ न्यावे लागतात, आणि बहुतेक हवा यंत्रांतूनच गेली तर लाभ. या घराच्या फळ्यांच्या जमिनीखालून वारा शिरतो. तेथें तो खर्च कसा भरून यावा? म्हणून दुसरा पर्याय ठरला: स्वयंपाकघरांत व न्हाणीघरांत अहोरात्र मंद चालणारे, हवा बाहेर टाकणारे पंखे, इतर खोल्यांच्या खिडक्यांवर बारीक झरोके, आणि दारांखालीं १० मिलिमीटरांची फट. तीन शयनगृहांच्या घरांत सेकंदास निदान ३१ लिटर हवा खेळावी, असा तेथील नियम आहे.

काम झालें. कांचा कोरड्या राहूं लागल्या, नातवाचा खोकलाहि उतरला. पण पंधरा दिवसांनीं पुन्हां ओघळ दिसले, पुन्हां खोकला सुरू झाला. मुलगी कारागिराला बोल लावूं लागली. तोंच नातू म्हणाला, “आजोबा रोज रात्रीं पंखा बंद करतात.”

खरें होतें. खोलींतून निघतांना दिवा आणि पंखा बंद करावा, हा धडा आम्ही जन्मभर मुलांना दिला. चार पैशांची वीज वांचवीत आम्ही नातवाचा श्वास कोंडीत होतों, आणि दोष मात्र परक्याच्या माथीं जात होता. त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं.

आतां त्या बटणाखालीं आमच्याच अक्षरांत चिठी आहे: ‘बंद करूं नये.’ आणि वातायन या शब्दांत कांच नाहीं, चौकट नाहीं, केवळ वाट आहे, हें पस्तीस वर्षें शिकवूनहि आम्हांस त्या घरांतच कळलें.