अँटेना किती, यापेक्षा कुठे

मोबाइल नेटवर्कच्या ऑप्टिमायझेशनमध्ये काम करणाऱ्याला एक प्रश्न हमखास येतो : "दोनाचे चार अँटेना केले की स्पीड दुप्पट ना?" कागदावर होय. रस्त्यावर मात्र, कुठला रस्ता ते आधी सांगा.

जास्तीचे अँटेना तीन कामांना जुंपता येतात. पहिलं भरवशाचं. तोच सिग्नल दोन-चार अँटेनांनी पकडायचा. एकावर बुडाला तरी दुसऱ्यावर तगतो. पाठवतानाही हा भरवसा मिळवण्याची सुटसुटीत रीत आलामूटी यांनी १९९८ साली मांडली. दुसरं वेगाचं. एकाच फ्रिक्वेन्सीवर, एकाच क्षणी, प्रत्येक अँटेनातून निराळा डेटा सोडायचा. या कल्पनेचं पेटंट आरोग्यस्वामी पॉलराज आणि थॉमस कैलाथ यांना १९९४ साली मिळालं. पॉलराज खडकवासल्याच्या एनडीएतून नौदलात गेलेले. कैलाथ जन्माने पुण्याचे आणि इंजिनीअरही तिथेच झालेले.

या दुसऱ्या कामाची गंमत ड्राइव्ह टेस्टमध्ये, म्हणजे गाडीतून फिरत नेटवर्क मोजताना, कळते. मोकळ्या माळावर टॉवर समोर दिसतो, सिग्नल खणखणीत असतो, पण चार अँटेना असूनही लॅपटॉपवर रँक दोनच्या वर सरकत नाही. म्हणजे डेटाचे दोनच प्रवाह चालू असतात. लहरी सगळ्या एकाच वाटेने येतात, मग त्या वेगळ्या काढायच्या कशा? तीच गाडी पेठेतल्या दाटीत घाला. सिग्नल जरा उतरतो, पण भिंतींवर आपटून लहरी चार दिशांनी येतात आणि रँक तीनवर, कधी चारवर जाते. ज्या परावर्तनांना आमचा धंदा पूर्वी शिव्या घालायचा, त्यांच्यावरच आता वेग मिळतो.

तिसरं काम रोख धरण्याचं, म्हणजे बीमफॉर्मिंग. फाइव्ह-जीच्या साडेतीन गिगाहर्ट्झला तरंगलांबी जेमतेम साडेआठ सेंटीमीटर, म्हणून एका पॅनेलमध्ये डझनावारी अँटेना बसतात आणि शलाका हव्या त्या फोनकडे वळवता येते. अट एकच : फोन कुठल्या वाटेने ऐकतोय याची खबर ताजी हवी. ताशी साठ किलोमीटरने जाणारी गाडी पाच मिलिसेकंदांत जवळपास एक तरंगलांबी पुढे सरकते. खबर तेवढ्यात शिळी, आणि नेम चुकतो.

म्हणून नव्या साइटचा प्रस्ताव आला की मी आधी नकाशा मागतो. उंच सोसायट्या, मजल्यामजल्यावर फोन : तिथे चौसष्ट ट्रान्समीटरचं पॅनेल पैसे वसूल करतं, कारण शलाका वर-खालीही फिरते आणि एकाच वेळी अनेकांना वाटून देता येते. विरळ वस्तीत, चार फोनांसाठी तेच पॅनेल लावलं तर वीज खातं, टॉवरवर वजन वाढवतं आणि बहुतेक वेळ रिकामं बसतं. तिथे आठ, कधी चारही पुरतात. जास्त अँटेनांची मागणी नाकारणं हाही या कामाचाच भाग आहे, आणि मीटिंगमध्ये सगळ्यात अवघड तोच जातो.