कशावरून?

लहानपणी घरात मला सगळे 'शंकेखोर' म्हणत. कोणी काही सांगितले की माझ्या तोंडून पहिला शब्द निघे, "कशावरून?" पुढे मी बी.एड. झाले आणि उर्दू शाळेत मराठी शिकवू लागले. आता वर्गातील मुले मला हाच प्रश्न विचारतात. तेव्हा मला माझी दादी आठवते आणि हसू येते.

आमचे गाव रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीच्या काठी. ११ ऑगस्ट १९९९ या दिवशी सूर्यग्रहण होते. मी तेव्हा दहा वर्षांची होते. संध्याकाळची वेळ होती. पाऊस कोसळत होता. आकाशात सूर्यच दिसत नव्हता, मग ग्रहण कोठून दिसणार? तरीही घरात सगळ्यांचे लक्ष घड्याळाकडे होते. माझ्या चाचीला दिवस गेले होते. दादीने तिला आतल्या खोलीत बसवून ठेवले होते. विळीला हात लावायचा नाही, सुई-दोरा घ्यायचा नाही, जागेवरून हलायचे नाही. नाहीतर बाळाचा ओठ फाटतो, असे दादी सांगत होती. कुंपणापलीकडे शेजारच्या काकूंची सूनही तशीच बसली होती. आमच्या घरी नमाज, त्यांच्या घरी देवपूजा; पण ग्रहणाची भीती मात्र दोन्ही घरांत एकच होती.

मी दादीला विचारले, "दादी, आपली बकरीही गाभण आहे. मग तिला का नाही कोंडले?"

बकरी पडवीत उभी राहून फणसाची पाने खात होती. दादीने एकदा बकरीकडे पाहिले, एकदा माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "गप बस. मोठ्यांना उलट बोलू नये."

मी गप्प बसले. पण प्रश्न गप्प बसला नाही. दुसऱ्या दिवशी मकतबमध्ये मी मौलवीसाहेबांना तो विचारला. ते फार कडक होते. आज नक्की छडी मिळणार, असे मला वाटले. पण ते रागावले नाहीत. त्यांनी आम्हाला एक हकिकत सांगितली. पैगंबर हजरत मुहंमद (स.) यांचा लहान मुलगा इब्राहीम वारला, त्याच दिवशी सूर्यग्रहण झाले. लोक म्हणू लागले, की या मृत्यूमुळे सूर्यालाही ग्रहण लागले. तेव्हा पैगंबरांनी स्वतः लोकांना समजावले, की सूर्य आणि चंद्र या अल्लाहच्या निशाण्या आहेत. कोणाच्या मरणाने किंवा जन्माने त्यांना ग्रहण लागत नाही. हकिकत संपवून मौलवीसाहेब म्हणाले, "जा, हे तुझ्या दादीला सांग."

मी धावत घरी गेले आणि दादीला सगळे सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग हळूच म्हणाली, "मग हे मला आजवर कोणी का सांगितले नाही?"

तो प्रश्न मी अजून विसरले नाही. दादीला लिहिता-वाचता येत नव्हते. तिला शाळेत कोणी घातले नव्हते. तिने जे ऐकले ते मानले, आणि जे मानले ते आम्हाला सांगितले. तिचा काय दोष? त्या दिवशी मला एक गोष्ट समजली. प्रश्न विचारणे म्हणजे बेअदबी नव्हे. मी माझा धर्म मनापासून मानते. पण धर्माच्या नावाने सांगितलेली प्रत्येक गोष्ट धर्मातलीच असते, असे मी मानत नाही. ती कोठून आली, हे विचारायला हवे. कधी कधी उत्तर धर्मातच मिळते.

चाचीला मुलगा झाला. त्याचा ओठ चांगला शाबूत आहे. आता तो पंचविशी ओलांडून गेला आहे आणि त्या ओठांनी माझी भरपूर थट्टा करतो. अर्थात एका मुलावरून काही सिद्ध होत नाही, हेही शंकेखोर माणसाने लक्षात ठेवायला हवे.

माझी दुसरी शंका भाषेविषयी आहे. एकदा वर्गातील एक मुलगी मला म्हणाली, "टीचर, मराठी आपली भाषा नाही." मी विचारले, "कशावरून? घरी आईजवळ भात कसा मागतेस?" तिने कोकणीत सांगितले आणि सारा वर्ग हसला. चूल, भाकरी, भात, पाऊस, होडी, जाळे हे शब्द आमच्या घरांत उर्दूच्याही आधी येतात. उर्दू आम्ही शाळेत शिकलो. ती गोड आहे, आमची आहे. पण म्हणून मराठी परकी कशी होईल?

काही मराठी माणसांनाही उर्दू परकी वाटते. त्यांनाही मी हाच प्रश्न विचारते. हजेरी, तारीख, कागद, शाई, खुर्ची, अर्ज, जमीन, वकील हे शब्द फारसी आणि अरबीतून आले. ते तुम्ही रोज वापरता, आम्हीही वापरतो. कवी माधव जूलियन, म्हणजे माधव त्रिंबक पटवर्धन, हे फारसीचे प्राध्यापक होते. त्यांनी १९२५ साली फारसी-मराठी कोश प्रसिद्ध केला आणि गझल मराठीत रुजवली. मुन्शी प्रेमचंद आधी उर्दूत लिहीत. चिपळूणजवळच्या मिरजोळी गावचे हमीद दलवाई मराठीत कथा लिहीत. दलवाईंच्या समाजसुधारणेच्या मतांवर आजही वाद होतो. पण त्यांच्याशी वाद घालायचा असेल, तरी आधी त्यांचे मराठी वाचावे लागते! भाषेला धर्म नसतो. जो ती बोलतो, तिची काळजी घेतो, त्याची ती होते.

एखादी भाषा परकी मानली की काय होते, ते मला २०१८ साली कळले. त्या वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस महाराष्ट्रात गोवर आणि रुबेला या रोगांविरुद्ध लसीकरणाची मोहीम सुरू झाली. नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना लस द्यायची होती. गोवर म्हणजे उर्दूत ज्याला खसरा म्हणतात, तो रोग. शाळेत मराठी पत्रके आली. मी ती वर्गात वाटली आणि संमतीच्या चिठ्ठ्या घरी पाठवल्या. माझ्या वर्गात एकेचाळीस मुले होती. चौदाच चिठ्ठ्या सही होऊन परत आल्या.

कारण लवकरच कळले. मोबाइलवर उर्दूतून निरोप फिरत होते. ही लस घेतली तर पुढे मुले होत नाहीत, असे त्यांत लिहिले होते. अफवा उर्दूत होती आणि माहिती मराठीत होती. अफवा वाचली गेली, माहिती दप्तरात राहिली.

दुसऱ्या दिवशी एका विद्यार्थिनीची आई शाळेत आली. ती म्हणाली, "टीचर, तुम्हीच मुलांना शिकवता ना, की विचारल्याशिवाय काही मानू नका? मग आम्ही विचारतो. ही लस चांगली, कशावरून?"

मी निरुत्तर झाले. पत्रक मी वाटले होते. पण नीट वाचले नव्हते. दादीला जसे कोणी सांगितले नव्हते, तसे मीही या आईला काही सांगितले नव्हते.

त्या दुपारी मी आरोग्य केंद्रात गेले. डॉक्टरांना तासभर प्रश्न विचारले. लशीत काय असते? त्याच रोगांचे, पण दुबळे केलेले विषाणू असतात. त्रास होतो का? काही मुलांना थोडा ताप किंवा पुरळ येते. तीव्र त्रास क्वचितच होतो, म्हणून लस दिल्यावर मुलांना अर्धा तास बसवून ठेवतात. रुबेलाने काय होते? मुलांना तो सौम्य असतो. पण गर्भवती स्त्रीला सुरुवातीच्या महिन्यांत झाला, तर पोटातील बाळाचे डोळे, कान आणि हृदय यांना इजा होऊ शकते. हे ऐकताना मला अंधाऱ्या खोलीत बसलेली चाची आठवली. ज्या ग्रहणाने बाळाला काही होत नाही, त्याला आम्ही घाबरत होतो. आणि जो रोग खरोखर इजा करतो, त्याचे नावही आम्हाला माहीत नव्हते.

मी पत्रकाचे उर्दूत भाषांतर केले आणि मुलांच्या आयांना शाळेत बोलावले. उर्दू मजकूर वाचून दाखवला. मग मराठी पत्रकही मोठ्याने वाचले. मागे बसलेली एक आजी म्हणाली, "अगं, हे तर सगळे कळते! हे आपल्यासारखेच आहे." सगळ्या हसल्या. तेवढ्यात ती पहिली आई उभी राहिली. तिने विचारले, "टीचर, तुमच्या मुलाला लस दिली का?"

माझा मुलगा तेव्हा तीन वर्षांचा होता. त्याला लस दिली नव्हती. त्याला सर्दी आहे, पुढच्या आठवड्यात देऊ, असे मी घरी सांगत होते. सर्दी हे निमित्त होते. खरे म्हणजे ते निरोप वाचून मीही मनातून घाबरले होते. सगळ्यांसमोर मी हे कबूल केले. तो क्षण फार अवघड होता. दुसऱ्या दिवशी मी माझ्या मुलाला लस दिली. त्यानंतर आणखी एकोणीस चिठ्ठ्या सही होऊन आल्या. आठ मात्र शेवटपर्यंत कोऱ्या राहिल्या. २०२२ साली मुंबई, मालेगाव आणि भिवंडी येथे गोवराची साथ आली आणि त्यात लहान मुले दगावली. त्या बातम्या वाचताना मला त्या आठ कोऱ्या चिठ्ठ्या आठवल्या.

मुलांनो, सुमारे अकराशे वर्षांपूर्वी अल-राझी नावाचे मोठे हकीम होऊन गेले. देवी आणि गोवर हे दोन वेगळे रोग आहेत, हे त्यांनी आपल्या ग्रंथात स्पष्ट करून सांगितले. ग्रीक वैद्य जालीनूस यांना ते फार मानत. तरीही त्यांच्याच मतांवरील शंकांचा एक ग्रंथ अल-राझींनी लिहिला. गुरूविषयी आदर आणि गुरूच्या मताविषयी शंका, या दोन्ही गोष्टी एकाच मनात राहू शकतात.

शंका घेणे सोपे आहे. मोबाइलवरचा निरोपही शंकाच पेरतो. पण तो उत्तर शोधायला जात नाही. खरी शंका उठते, चप्पल घालते आणि उत्तर शोधायला निघते. कधी मौलवीसाहेबांकडे, कधी डॉक्टरांकडे, कधी शब्दकोशाकडे. आणि सगळ्यात अवघड वाट स्वतःच्या घराकडे जाते.

म्हणून मला 'कशावरून?' असे जरूर विचारा. उत्तर येत नसेल, तर तसे मी सांगेन. मग आपण मिळून शोधू.