मोहाचा वास आणि गाडीची किल्ली

मागच्या एप्रिलमध्ये आम्ही चार मित्र एका दिवसासाठी चोरखमाऱ्याला गेलो होतो. गोंदिया जिल्ह्यातलं, नागझिरा अभयारण्याच्या प्रवेशद्वाराजवळचं हे गाव. सकाळी जंगलात रानगवे पाहिले आणि परतताना मोहाच्या झाडाखाली थांबलो. फुलांचा सडा पडला होता, बाया टोपल्या भरत होत्या आणि हवेत तो गोड, जडसर वास होता.

तिथल्या एका आजोबांनी पूर्वी मोहाची कशी गाळत ते सांगितलं. वाळलेली फुलं पाण्यात काही दिवस भिजवून आंबवायची, मग मडकं चुलीवर चढवायचं आणि वाफ थंड करून थेंबथेंब धरायची. "पयल्या धारेची लय जहाल रायते, डॉक्टरसाहेब. मांगून पानचट होते," ते म्हणाले.

त्यांच्या या वाक्यात मोठं वैद्यकीय सत्य आहे. घरगुती दारूत अल्कोहोल किती, हे कुणालाच ठाऊक नसतं. अशी दारू गाळणं गुन्हा तर आहेच, शिवाय विक्रीच्या दारूत कुणी मिथेनॉल मिसळलं, तर दृष्टी आणि जीवही जाऊ शकतो. दारू प्यायल्यानंतर काही तासांनी, अगदी दुसऱ्या दिवशीही, अंधुक दिसू लागलं, पोटात दुखलं किंवा उलट्या झाल्या, तर ताबडतोब रुग्णालय गाठा.

"आपली तर कंपनीची, सीलबंद!" असं म्हणत आमच्यातल्या एकाने दुपारी जेवताना स्ट्राँग बिअरची मोठी बाटली संपवली. तासाभराने त्याने लिंबूपाणी घेतलं, तोंडावर पाणी मारलं आणि किल्ली उचलली.

इथे थोडा हिशेब करू. ८ टक्के अल्कोहोलच्या ६५० मिलीच्या बाटलीत सुमारे ४१ ग्रॅम अल्कोहोल असतं. आपलं यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोलच निकामी करू शकतं. म्हणजे एक बाटली पूर्ण उतरायला चार ते सहा तास लागतात. लिंबू, कॉफी, थंड पाण्याची आंघोळ यांनी हा वेग वाढत नाही. झोप उडते, पण रक्तातलं अल्कोहोल तेवढंच राहतं. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, पण प्रतिक्रियेचा वेग त्याआधीच मंदावू लागतो. जंगलातल्या वळणावर चितळ आडवं आलं, तर तो अर्धा सेकंदही महाग पडतो.

हे मी पुस्तकातून शिकलो, पण पटलं उशिरा. इंटर्न असताना दोन पेग घेऊन मी मोटरसायकल चालवली होती. "मला काही होत नाही" हे माझंच वाक्य. मला खरचटलं, पण मागे बसलेल्या मित्राचा पाय मोडला. तो आजही किंचित लंगडतो.

चोरखमाऱ्यालाही तो सोबत होता. तो काही बोलला नाही, नुसता हात पुढे केला. किल्ली निमूटपणे त्याच्या हातात आली. तो दारू घेत नाही. घाटवळणांवरून संध्याकाळी त्यानेच आम्हाला घरी आणलं.

सहलीला निघताना जेवणाचा डबा, पाणी, औषधं आपण आठवणीने घेतो. परतताना गाडी कोण चालवणार आणि तो दिवसभर काय पिणार, हेही घरूनच ठरवून निघा.