बसवकल्याणचा गळका शॉवर

सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याला लागलं की आधी नळदुर्ग, मग उमरगा मागे पडतं आणि थोड्या वेळाने पाट्यांवरची अक्षरं कन्नड होतात. माणसांची भाषा मात्र अशी एकदम बदलत नाही. सस्तापूर बंगल्याच्या फाट्यावर चहा मराठीत मागा, कन्नडमध्ये मागा नाहीतर दखनीत मागा, तो सारखाच गोड मिळतो. तिथून आत वळलं की बसवकल्याण, माझ्या आईचं माहेर.

इथे इंग्लंडात वाढलेल्या आपल्या मुलांना हे नाव सांगितलं तर ती मुंबईजवळच्या कल्याणला जाऊन पोचतात. त्यांच्यासाठी थोडं सांगतो. अकराव्या शतकात चालुक्य राजा पहिला सोमेश्वर याने आपली राजधानी मान्यखेटहून इथे आणली. सहाव्या विक्रमादित्याच्या काळात विज्ञानेश्वराने 'मिताक्षरा' इथेच लिहिली. हिंदू कुटुंबात वारसा कुणाला किती मिळणार याचे वाद पुढे शेकडो वर्षं त्या ग्रंथाच्या आधारे लढले गेले. बाराव्या शतकात बसवण्णा इथे बिज्जल राजाचे मंत्री होते. त्यांच्या अनुभव मंडपात धोबी, नावाडी, दोर वळणारे अशी हातांनी काम करणारी माणसं बसून बोलत असत. किल्ला आहे, त्रिपुरांतक तलाव आहे, आणि आता बसवेश्वरांचा 108 फुटी पुतळाही आहे.

मला स्वतःला सगळ्यात आवडतो तो तिसरा सोमेश्वर. त्याने 'मानसोल्लास' नावाचा प्रचंड ग्रंथ रचला. त्यात हत्ती, घोडे, जेवण, गाणं असं सगळं आहे, मराठीतल्या फार जुन्या ओळीही आहेत, आणि राजाने स्नान कसं करावं यावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. तेव्हा या गावातल्या आंघोळीवर लिहिणारा मी काही पहिला नव्हे.

1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा जुन्या बीदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मराठी बाजूला गेले आणि बसवकल्याण म्हैसूर राज्यात आलं. मामांच्या घरात त्याचा परिणाम एवढाच, की घरात मराठी, कचेरीत कन्नड आणि बाजारात दखनी. मामा सत्तरी ओलांडलेले, मामी त्यांच्याहून थोड्या लहान. मुलं दोन्ही बाहेर. पाणी दिवसाआड येतं, तेव्हा गच्चीवरची टाकी भरून ठेवायची आणि पुरवून वापरायची.

गेल्या डिसेंबरात आम्ही पोचलो तर चहाच्या आधीच मामा म्हणाले, "तू इंजिनियर हाईस ना रे? आमचा शॉवर गळायलाय, बघ की जरा."

मी कॉम्प्युटरवाला इंजिनियर, पण हा फरक मामांना सांगण्यात अर्थ नसतो.

या घरात पूर्वी तांब्याचा बंब होता. पुढे एक साधा विजेचा गिझर आला आणि तो पंधराएक वर्षं टिकला. दिवाळीत तो काढून 25 लिटरचा नवा बसवला, आणि तेव्हापासून शॉवर टपकायला लागला. मामींनी खाली बकीट लावली होती. ते पाणी त्या तुळशीला घालायच्या, पण रात्री टपटप ऐकली की त्यांना झोप लागत नसे. मामांनी नवा शॉवर आणि त्याचा नळ आणून कपाटात ठेवला होता. दुसऱ्या दिवशी बसवायचा बेत होता.

माझ्या कामात एक सवय लागते. काहीही बदलण्याआधी ते केव्हा बिघडतं आणि केव्हा बिघडत नाही हे बघायचं. शॉवर बंद केल्यावर दोन-चार मिनिटं थेंब पडले तर ते जाळीत अडकलेलं पाणी, त्याची चिंता नको. सतत गळत असेल तर नळाच्या आतला वायसर किंवा काट्रिज गेलं. इथे दोन्ही नव्हतं. त्या रात्री मी गिझर बंद ठेवला तर सकाळपर्यंत बकीट कोरडी. टाकीतल्या पाण्याचा दाब तर रात्रभर होताच, मग नळ खराब असता तर गळायला हवा होता. सकाळी गिझर सुरू केला आणि दहा मिनिटांत टप टप सुरू. दिवा विझला, म्हणजे पाणी तापलं, आणि जरा वेळाने थेंबही थांबले.

मग मामींकडून दूध मोजायचं माप मागून घेतलं आणि पुन्हा एकदा गार पाण्यापासून गिझर लावला. अर्ध्या तासात सव्वातीनशे मिलिलीटर जमलं.

पाणी तापलं की फुगतं, हे आपण शाळेत शिकलो. 25 अंशांचं पाणी 60 अंशांवर नेलं तर ते साधारण दीड टक्क्याने वाढतं. 25 लिटरचं दीड टक्का म्हणजे साडेतीनशे मिलिलीटरच्या आसपास. दुधाच्या मापात जमलं होतं ते हेच फुगलेलं पाणी.

आता प्रश्न एवढाच, की जुन्या गिझरच्या वेळी हे पाणी कुठे जात होतं? ते ज्या पाइपाने आलं त्याच पाइपाने उलटं गच्चीवरच्या टाकीत सरकत होतं. नव्या गिझरबरोबर गार पाण्याच्या तोंडाशी एक व्हॉल्व्ह येतो. तो पाणी आत सोडतो, पण मागे जाऊ देत नाही. त्याच व्हॉल्व्हला बाजूला एक बारीक तोंड असतं. आतला दाब फार वाढला की ते उघडतं आणि थोडं पाणी बाहेर टाकतं. म्हणजे गिझर तापताना तिथून थेंब पडणं हा बिघाड नाही, ते त्याचं कामच आहे.

मी स्टुलावर चढून पाहिलं. त्या तोंडाला टेफ्लॉन टेप गुंडाळून प्लग बसवलेला होता. "तिथून गळत होतं म्हणून बसवणाऱ्याला परत बोलावलं, त्यानं बंद करून दिलं," मामा म्हणाले.

हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला. फुगलेल्या पाण्याचे दोन्ही रस्ते बंद झाले होते आणि सगळ्यात कच्ची जागा शोधून ते शॉवरमधून निघत होतं. कपाटातला नवाकोरा घट्ट नळ बसवला असता तर टपटप थांबली असती आणि दाब रोज सकाळी टाकीच्या पत्र्यावर आला असता. टाकी हळूहळू तडकली असती. आणि एखाद्या दिवशी थर्मोस्टॅट आणि त्यामागचा कटआउट दोन्ही अडकले, पाणी तापतच राहिलं, तर तो गिझर फुटतो. खाली मामी आंघोळ करत असतात.

मी मेन स्विच बंद केला आणि त्या दिवशी सगळ्यांनी चुलीवरच्या पाण्याने आंघोळ केली. मामा थोडे नाराज होते. त्यांच्या मते गळत नाही ते चांगलं. त्यांना समजावताना मला आदल्या दिवशी पाहिलेलं नळदुर्ग आठवलं. तिथे बोरी नदीवर दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला बांध आहे आणि बांधाच्या पोटात पाणीमहाल आहे. पावसाळ्यात धरण भरलं की जादा पाणी नर आणि मादी अशा दोन सांडव्यांवरून धो धो पडतं, आणि आतल्या महालात उभा असलेला माणूस कोरडा राहतो. "मामा, ते सांडवे कुणी दगडमातीने बुजवले तर?" मी विचारलं. मामांनी नळदुर्ग चारदा पाहिलंय. ते काही बोलले नाहीत, फोन काढून गल्लीतल्याच एका प्लंबरला बोलावलं.

तो पोरगा हुशार निघाला. मी सांगायच्या आधीच प्लग बघून त्याने कपाळाला हात लावला. प्लग काढला, व्हॉल्व्हच्या तोंडाला पाइप जोडून तो मोरीत सोडला. मग गरम पाण्याच्या लाइनला टी टाकून एक उघडा पाइप गच्चीवर नेला, टाकीच्या वर दोन फूट उंच, आणि तोंड खाली वळवलं. फुगलेलं पाणी आता त्या पाइपात चढतं आणि निवलं की उतरतं. हे फक्त गच्चीवरच्या टाकीच्या साध्या दाबावर चालतं. ज्यांच्याकडे प्रेशर पंप आहे त्यांच्या गच्चीवर कारंजं उडेल, त्यांनी हा उपाय करू नये.

इंग्लंडातल्या जुन्या घरांत माळ्यावरच्या टाकीवर वाकलेला तांब्याचा पाइप तुम्ही पाहिला असेल, तो हाच. आता आपल्याकडे ती टाकी काढून कॉम्बी बॉयलर किंवा बंद सिलिंडर बसवतात. कॉम्बीत पाणी साठत नाही, पण थेट मेनचा दाब येतो आणि माळ्यावरच्या टाकीच्या सवयीचा जुना शॉवर टपकायला लागतो. तिथे काट्रिज बदलणं हेच उत्तर असू शकतं. बंद सिलिंडरला मात्र फुगलेल्या पाण्यासाठी सोय ठेवावीच लागते, आणि 15 लिटरपेक्षा मोठा असेल तर तो प्रमाणित माणसानेच बसवायचा असा नियम आहे. नवीन बॉयलरनंतर काही गळायला लागलं, तर आधी ते तापतानाच गळतं का ते बघा. आणि भारतात आईवडील, मामा-काका एकटे राहत असतील तर पुढच्या खेपेला त्यांच्या गिझरखाली मान वर करून एकदा नजर टाका. टेप गुंडाळलेला प्लग लगेच दिसतो.

कपाटातला शॉवर मामांनी दुकानदाराला परत केला. बिल नव्हतं, पण दुकानदार ओळखीचा. गच्चीवरच्या पाइपाच्या तोंडाला चिमण्या काड्या आणतात म्हणून त्यांनी त्यावर जाळी बांधलीय आणि दर रविवारी ती साफ करतात. मामी फोनवर म्हणाल्या, "झोप लागती आता. तुळशीला पाणी तेवढं आठवणीनं घालावं लागतंय."