हलकं धान

आमच्या भंडारा जिल्ह्यात धान दोन प्रकारचं, हलकं आणि भारी. हलकं हे कमी प्रतीचं असतं असा शहरी समज आहे, पण हलकं म्हणजे लवकर हाती येणारं. दिवाळीच्या तोंडावर ते कापून होतं, त्याच्या पैशातून पोरांचे कपडे येतात, तेल-साखर येते. भारी धान तेव्हा बांधीत उभंच असतं. एकदा नागपूरला एका परिसंवादात एक गृहस्थ मला म्हणाले, "तुम्ही झाडीपट्टीवाले फार हलकंफुलकं लिहिता हो." मी त्यांना ही दोन धानं समजावून सांगायला घेतली. त्यांना पटलं असावं असं वाटत नाही. तेवढ्यात चहा आला.

मी लाखांदूर तालुक्यातला. सत्तावीस वर्षं झाडीपट्टीच्या रंगभूमीसाठी नाटकं लिहितो आणि त्यातली निम्म्याहून जास्त प्रेमाची आणि हसवणारी आहेत. वाचकांतले पुण्या-मुंबईचे असतील त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हे चार जिल्हे म्हणजे झाडीपट्टी. दिवाळी झाली की गावोगाव मंडया भरतात आणि तिथून पुढे होळीच्या आसपासपर्यंत रात्रीची नाटकं चालतात. बहुतेक नाटक कंपन्या वडसा या गावच्या. मंडईला लेकी-जावई येतात, सोयरेधायरे येतात. दिवसा दंडार किंवा खडीगंमत अशी लोकनाट्यं, रात्री जेवणं आटोपली की नाटक. आणि या सगळ्या गर्दीत कुठल्या तरी ओसरीवर कुणाच्या तरी पोरीचं स्थळ निघतं. मंडईत सोयरिकी जुळतात हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे दिवसभर लग्नं जुळवून आलेल्या माणसांना मी रात्री लग्न जुळण्याचं नाटक दाखवतो. त्यांना या विषयातलं माझ्यापेक्षा जास्त कळतं. ही माझी अडचण आहे आणि शाळाही.

संपादकांनी प्रेमाच्या विनोदी सिनेमांवर लिहा म्हटलं तेव्हा मी आधीच सांगून टाकलं, मी समीक्षक नाही. सुतार दुसऱ्याच्या घरी गेला की दरवाजाची बिजागरी बघतो, तसा मी सिनेमा बघतो.

बिजागरी कुठे असते हे मला एका फजितीतून कळलं. २०१० साली सतीश राजवाडे यांचा 'मुंबई-पुणे-मुंबई' आला. तो बघायला मी नागपूरला गेलो आणि पार भारावून परतलो. स्वप्नील जोशी आणि मुक्ता बर्वे, एक दिवस, एक शहर आणि नुसत्या गप्पा. दोघांना नावंसुद्धा नाहीत. खलनायक नाही, मारामारी नाही. मला वाटलं, आपण उगाच दर नाटकात पाटील आणि त्याचे गुंड आणतो. त्या हंगामासाठी मी तसंच नाटक लिहिलं. शिकलेला मुलगा, शिकलेली मुलगी, साकोलीच्या बसस्टँडवर भेटतात, एकमेकांना टोमणे मारतात, हळूहळू आवडायला लागतात. संवाद फार चांगले जमले होते, असं मला अजूनही वाटतं.

पहिला प्रयोग एका मंडईत लागला. बंदिस्त शामियाना, खाली तणीस, गच्च गर्दी. पहिल्या अंकाला हशे आले. दुसऱ्या अंकाला लोक ब्लँकेट झटकून उठायला लागले. मी विंगेत प्रॉम्प्टरच्या शेजारी उभा होतो, तो पान उलटायचंही विसरून माझ्याकडे बघत होता. कनातीजवळून एक म्हातारा बाहेर पडताना शेजारच्याला म्हणाला, "पोट्टी तं पयलेच हो म्हनून बसली, मंग नाटक कायचं गा?"

महिनाभर मी त्या म्हाताऱ्यावर चिडून होतो. मग सिनेमा पुन्हा पाहिला आणि चूक दिसली. त्या सिनेमातली मुलगी पुण्याला फिरायला आलेली नसते. घरच्यांनी काढलेल्या एका स्थळाला नाही म्हणायला आलेली असते. गप्पा कितीही हवेत उडोत, त्यांच्या पाठीमागे दोन घरं, एक ठरू घातलेलं लग्न आणि एक तयार नकार उभा असतो. मी गप्पा तेवढ्या उचलल्या होत्या, स्थळ तिथेच ठेवून आलो होतो.

तेव्हापासून मी सिनेमात एकच गोष्ट तपासतो. यातली अडचण खरी आहे का? सुटका खोटी असली तरी माझी तक्रार नसते. पावसात धावत गाठणं, ऐन मांडवात बापाचं मन पालटणं, लॉटरी लागणं, सगळं चालतं. प्रेक्षकाला सुटका खोटी आहे हे ठाऊक असतं आणि तो ती आनंदाने घेतो, कारण आधीची अडचण त्याने आपल्या घरात पाहिलेली असते. अडचणच खोटी असली की मग सुटकेत मजा राहत नाही.

परीकथेचं तरी दुसरं काय असतं? लहानपणी आजीकडून ऐकलेल्या गोष्टींत परी क्वचितच यायची. अट मात्र दर गोष्टीत असायची. राजा म्हणायचा, अमुक करून दाखव, मग मुलगी देतो. राजा परांजपे यांचा 'लाखाची गोष्ट' (१९५२) हा मला आपल्याकडचा सगळ्यात चोख परीकथापट वाटतो. त्यात ना राजवाडा ना उडता घोडा. गरीब कलावंताचं श्रीमंत मुलीवर प्रेम आहे आणि बापाची अट काय, तर ठरलेल्या मुदतीत लाख रुपये खर्च करून दाखव. राक्षस मारणं सोपं होतं, कारण पैसे उडवायला जावं तर ते वाढतच जातात! ग. दि. माडगूळकरांची लेखणी आणि अट अगदी राजाची. पैसा हीच अडचण आणि पैशानेच केलेली थट्टा. त्याआधीचा आचार्य अत्रे आणि मास्टर विनायक यांचा 'ब्रह्मचारी' (१९३८) आठवा. तिथे बाप-बिप कोणी नाही. नायक औदुंबरने स्वतःच स्वतःला अट घातलेली आहे, ब्रह्मचर्याची. त्या काळात असे कसरती पोरगे गल्लोगल्ली होते, म्हणून लोक पोट धरून हसले. मीनाक्षी शिरोडकरांच्या पोहण्याच्या पोशाखाची चर्चा नंतर इतकी झाली की पटकथेची बांधणी किती घट्ट होती, याकडे लक्षच गेलं नाही.

अमेरिकेतल्या सिनेमांचंही हेच. फ्रँक काप्राचा १९३४ चा 'इट हॅपन्ड वन नाइट' मी संगणकावर किती वेळा पाहिला असेल! घरातून पळालेली श्रीमंत मुलगी आणि नोकरी गेलेला पत्रकार यांना रात्री एकाच खोलीत राहावं लागतं. मध्ये तो दोरी बांधून एक घोंगडी टांगतो. बस्स. सगळा समाज, सगळी लाज त्या एका घोंगडीवर टांगलेली. आमच्याकडे नेपथ्याला खर्च करायला पैसे नसतात, त्यामुळे या घोंगडीचं मला जास्तच कौतुक. या गोष्टीवरून आपल्याकडे १९५६ साली 'चोरी चोरी' झाला आणि १९९१ साली 'दिल है के मानता नहीं'. जवळपास साठ वर्षं एक घोंगडी पुरली.

'प्रिटी वुमन' (१९९०) तर आजच्या काळातली सिंड्रेला म्हणून जगभर गाजला. लोक त्याला साखरेचा पाक म्हणतात. पण जे. एफ. लॉटन यांची मूळ पटकथा फार काळी होती, नावच '३०००', म्हणजे त्या बाईला आठवड्याचे मिळणारे डॉलर. शेवटी तो तिला गाडीतून उतरवून, पैसे देऊन निघून जातो. नंतर शेवट बदलला, गोष्ट गोड झाली. मात्र तिची किंमत ठरलेली आहे ही बोच तशीच खाली राहिली आणि माझ्या मते पाक त्यामुळेच टिकला. नुसता पाक दोन दिवसांत आंबतो.

परीचं म्हणाल तर आपल्याकडची माझी आवडती परी म्हणजे अशोककुमार. हसू नका. बासू चॅटर्जींच्या 'छोटी सी बात' (१९७६) मध्ये अमोल पालेकरचा अरुण इतका बुजरा असतो की बसस्टॉपवर रोज दिसणाऱ्या मुलीशी त्याला बोलता येत नाही. मग तो खंडाळ्याला एका कर्नलकडे जातो आणि तिथून बदलून येतो. भोपळ्याची बग्गी करणारी ती बाई आणि हा कर्नल यांचं काम एकच. ही कल्पना इंग्रजी सिनेमावरून आली, पण अरुणचा बुजरेपणा अस्सल मुंबईच्या कारकुनाचा आहे. सई परांजपे यांनी तर 'कथा' (१९८३) मध्ये ससा-कासवाची गोष्ट उचलून सरळ चाळीत नेली. मूळ नाटक शं. गो. साठे यांचं, नावातच ससा आणि कासव. पण तिथे शर्यत जिंकूनही कासवाला जे मिळतं ते पाहून पोटात कालवतं. इतकं हलकं लिहून इतकं आत जाता येतं हे मी त्या सिनेमातून शिकलो आणि अजून जमलेलं नाही.

आता तक्रार. अलीकडच्या पुष्कळ प्रेमपटांत, हिंदीत आणि मराठीतही, अडचण काय असते, तर गैरसमज. तिने त्याचा फोन उचलला नाही, त्याने तिला कुणाबरोबर तरी कॉफी पिताना पाहिलं. दोघांना चांगली नोकरी, दोघांचे आईबाप समजूतदार, स्वयंपाकघर आमच्या अख्ख्या घराएवढं. मग गाणं म्हणायला लंडन. माझ्या बायकोने असा एक सिनेमा अर्ध्यात बंद केला आणि म्हणाली, "एक फोन केला असता तर हे संपलं असतं." लेखकाने स्वतः अडचण तयार करायची आणि स्वतःच ती पुसायची, याला माझ्या धंद्यात हात दाखवून अवलक्षण म्हणतात.

आणि खऱ्या अडचणी तर आजूबाजूला पडल्या आहेत! आमच्या तालुक्यात आज राजाची अट कोणती, हे कुठल्याही पोरीच्या बापाला विचारा. सरकारी नोकरी. ती नसेल तर पुण्यात कंपनी. घरी शेती पाहिजे, पण पोरगा शेतकरी नको. तिशी उलटलेले, चांगले कमावते, निर्व्यसनी पोरगे मंडईत नव्या शर्टावर फिरताना दिसतात आणि संध्याकाळी तसेच घरी जातात. 'नवरदेव बी.एस्सी. अ‍ॅग्री' (२०२४) या सिनेमाने हाच विषय घेतला, याचं मला बरं वाटलं.

त्याहून वर मी 'स्थळ' ठेवतो. जयंत सोमलकर यांनी शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावात, गावातलीच माणसं घेऊन तो केला. २०२३ साली टोरंटोच्या महोत्सवात त्याला पुरस्कार मिळाला आणि २०२५ च्या मार्चमध्ये तो चित्रपटगृहात आला. सुरुवातीलाच सविताला स्वप्न पडतं. मुलगा पाटावर बसलाय, बायका त्याला नाव, शिक्षण, उंची विचारतायत. थिएटरमध्ये बायकांचा असा हशा फुटला की पुढचे दोन संवाद ऐकूच आले नाहीत. मग स्वप्न संपतं आणि पाटावर सविता. पुन्हा पुन्हा तेच पोहे, तेच प्रश्न. हा विनोदी प्रेमपट नाही हे मला कळतं. पण राजकन्येने अट घालायची, ही परीकथा कुणाला तरी स्वप्नापुरती का होईना सुचली आणि ती आमच्या बाजूच्या बोलीत सुचली. 'सैराट'च्या पूर्वार्धातही आपण असेच खळखळून हसलो होतो. नागराज मंजुळे यांनी नंतर सुटका खोटी द्यायला नकार दिला. त्यांचा तो हक्क. माझ्या प्रेक्षकाला मात्र पहाटे चारला शामियान्यातून उठून भारी धान कापायला जायचं असतं. मी त्याला सुटका देतो.

याबद्दल मला लाज वाटत नाही. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्या सगळ्या कंपन्यांत पेढे वाटले गेले. त्यांनी जन्मभर झाडीपट्टीला हसवलं. प्रेमाच्या नाटकात नायक-नायिका कितीही गोड असोत, लोकांना पहाटेपर्यंत बसवून ठेवतो तो विनोदी नट. नायकाला म्हणता येत नाही ते तो म्हणतो: हुंड्याचं, जातीचं, सातबाऱ्याचं. मुंबईच्या प्रेमपटांत नायकाचा मित्र उरला आहे फक्त मोबाइल दाखवायला. त्याच्या तोंडी खरी अडचण द्या, अर्धा सिनेमा सुधारेल.

तो बसस्टँडचा संच मी फेकला नव्हता. यंदा नाटक पुन्हा लिहिलं आहे. मुलगा तोच, मुलगी तीच, गप्पाही बऱ्याचशा त्याच. फक्त आता ती पवनीहून एका तलाठ्याच्या स्थळाला हो म्हणायला निघालेली आहे आणि बसस्टँडवर भेटलेल्या पोराकडे चार एकर धान आहे. तलाठी चांगला माणूस ठेवलाय, त्यामुळे मला तिसऱ्या अंकात फार त्रास झाला.

भाऊबीजेनंतर प्रयोग सुरू होतील. पोस्टरवर रात्री दहा लिहिलेलं असतं, पडदा साडेअकराच्या आत वर जात नाही. येणार असाल तर ब्लँकेट आणा, तणसावर थंडी खालून येते. आणि तो म्हातारा दिसला तर मला विंगेत येऊन सांगा.